पाचला सुटेल

सोमवारी सकाळी पावणेदहाला कॉम्प्युटर सुरू केला आणि दहाच्या ठोक्याला ‘सुप्रभात, आज कार्यालय सुरू आहे’ या रोजच्या ओळीखाली आणखी एक ओळ दिसली. ‘अहो कॉम्प्युटरवाले, तुमचं मागचं दार उघडं आहे. शुक्रवारच्या आत लावून घ्या.’ मी आधी मागे वळून पाहिलं. माझ्या मागे दार नाही, भिंत आहे, आणि भिंतीवर मीच लावलेली सूचना आहे: पासवर्ड कोणालाही सांगू नये. पुन्हा पडद्याकडे पाहिलं तर ओळ गेलेली. ती दहा सेकंदच राहते, कारण ती दहा सेकंद राहावी असं सतरा वर्षांपूर्वी मीच ठरवलं होतं. आता हे लिहिताना फार सोपं वाटतं. ज्या माणसाने ओळ किती वेळ राहावी हे ठरवलं, त्याने ती येते कुठून हेही आधी बघावं. पण मला ते सुचायला बुधवार उजाडला. दोन दिवस मी शुक्रवार या एका शब्दाला धरून बसलो होतो.

शुक्रवारी मुख्य कार्यालयातून तपासनीस येणार होते. तसं पत्रच आलं होतं. संगणक विभाग कार्यालयातच ठेवावा की बाहेरच्या कंपनीकडे द्यावा, याचा ते अहवाल देणार होते. संगणक विभाग म्हणजे मी. दुसरं त्यात एक लोखंडी कपाट आहे आणि एक पंखा. वयाच्या बावन्नाव्या वर्षी बाहेरच्या कंपनीत जाऊन कुणाला ‘सर’ म्हणायची माझ्यात ताकद उरलेली नाही, आणि मला घेणारही कोण. पण माझ्याजवळ एक हुकमी गोष्ट होती, ती म्हणजे तक्रार नोंदवही. अकरा वर्षं त्या वहीत एकही तक्रार नाही. पानं इतकी कोरी की कुणीतरी बाळंतविडा गुंडाळायला दोन फाडून नेली, तेवढाच त्या वहीचा वापर. ही वही तपासनिसांच्या पुढ्यात उघडून ठेवायची आणि काही बोलायचं नाही, असा बेत मी आरशासमोर दोनदा करूनही पाहिला होता. आता ही ओळ. म्हणजे कुणाला तरी काहीतरी ठाऊक होतं आणि तो मला शुक्रवारची मुदत देत होता. धमकी म्हणावी तर ‘लावून घ्या’ ही भाषा शेजारणीची वाटत होती. पण हल्ली लोक धमक्याही गोड देतात, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि जास्तच घाबरलो.

आमचं कार्यालय वजनकाटे तपासतं. दुकानदार आपापला काटा घेऊन येतात, आमची माणसं मखमलीच्या पेटीतली पितळी वजनं चिमट्याने उचलून त्यावर ठेवतात, काटा खरा निघाला की नोंदणीच्या टेबलावर नोंद होते आणि प्रिंटरमधून प्रमाणपत्र बाहेर पडतं. प्रिंटर एकच. तो अडतो. अडला की बाकावर माणसं मांडीवर काटे घेऊन बसून राहतात, आणि आतून कुणीतरी सांगतं, “अकराला सुटेल.” आणि तो अकराला सुटतो. बाराला अडला तर एकला सुटतो. घड्याळात ठोका पडला की घरघर करून कागद बाहेर. नवीन माणूस लागला की त्याला स्वच्छतागृह कुठे आहे आणि प्रिंटर तासाला सुटतो, या दोन गोष्टी पहिल्याच दिवशी सांगतात. मीही हे मानत होतो. मी तर या बाबतीत एक विचारही मांडला होता, की आतला धातू तापतो, आकुंचन पावायला त्याला साधारण तास लागतो. साहेबांनी मान डोलावली होती. तापलेली गोष्ट दर वेळी बरोबर घड्याळाच्या ठोक्याला कशी निवते, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

या कार्यालयात चाव्या कुणाकडे असतात ते सांगायला हवं. कार्यालयातला प्रत्येक जण आपल्या नावाने कॉम्प्युटरमध्ये शिरतो आणि त्याला फक्त त्याचं काम करता येतं. नोंदणीचा माणूस नोंदणी करतो, वजनांचा माणूस वजनं भरतो. सगळं उघडायचं, मोडायचं, पुन्हा लावायचं, ही सत्ता एकाच नावाला, आणि त्याला अ‍ॅडमिन म्हणतात. ते नाव माझं. सोमवार-मंगळवार मी डोळ्यांत तेल घालून बाहेरून येणाऱ्या वाटा तपासल्या. सगळ्यांचे पासवर्ड बदलायला लावले, त्यावरून शिव्या खाल्ल्या. सगळ्यांना आडून आडून विचारलं, “आज सुप्रभात नीट आलं ना?” लोक म्हणाले, “आलं की,” आणि माझ्या तब्येतीची चौकशी केली. नोंदणीच्या टेबलावरच्या बाईंनी, आमच्या नोंदणीबाईंनी, तर चष्म्यावरून बघून विचारलं, “तुमच्याकडे आलं का नीट?” मी म्हटलं आलं. त्या पुन्हा शिक्के मारायला लागल्या. शुक्रवारी त्यांचा नोकरीतला शेवटचा दिवस होता. त्यांच्यासाठी भिंतीवरचं घड्याळ आणून ते माझ्याच कपाटात लपवलं होतं आणि निरोपाची सूचना तयार करून लावायचं काम माझ्याकडे होतं. ते मी विसरलो होतो. मला माझ्याच शुक्रवाराची पडली होती.

घरी तरी डोकं शांत व्हावं, तर घरी सासरे. सात महिन्यांपूर्वी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवस म्हणून आले. पहिल्या दिवशी सोफ्याच्या कडेला असे बसले होते की जणू तिकीट नसलेला प्रवासी. दुसऱ्या आठवड्यात उजेड बरा पडतो म्हणून माझ्या खुर्चीत आले. मग आवाज नीट ऐकू येत नाही म्हणून टीव्हीचा रिमोट त्यांच्याकडे गेला, अक्षर दिसतंय का बघायला पेपर आधी त्यांच्याकडे जायला लागला, आणि औषध वेळेवर घ्यायचं म्हणून घराची जेवणाची वेळ त्यांची झाली. हल्ली ते मला सांगतात, “आंघोळ उरकून घे, मग मला गरम पाणी लागेल.” बायकोला म्हटलं, “हे असंच असतं. माणूस आत येतो थोड्याशा परवानगीवर, आणि एकेक पायरी चढत घराचा मालक होतो. आमच्यात याला फार मोठा धोका समजतात.” ती म्हणाली, “तू माझ्या माहेरी पहिल्यांदा आलास तेव्हा तुला फक्त पाणी दिलं होतं.” आणि खरं सांगायचं तर माझी नोकरीही तशीच. मी टंकलेखक म्हणून लागलो होतो. एका दुपारी जुन्या साहेबांचा कॉम्प्युटर बिघडला, त्यांनी चिडून सगळ्या सत्तेचा पासवर्ड मला चिठ्ठीवर लिहून दिला, मी तो दुरुस्त केला, आणि चिठ्ठी परत मागायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. सतरा वर्षं मी ती चिठ्ठी राखतो आहे.

बुधवारी दुपारी जेवणानंतर, डोळे मिटायला लागलेले असताना, मला एकदम कळलं. सुप्रभात पाठवतं कोण? झाडलोट. झाडलोट हा माझा पहिला प्रोग्राम. दर तासाच्या ठोक्याला उठतो, निरुपयोगी फाइली साफ करतो, सकाळी पहिल्यांदा उठला की सुप्रभात म्हणतो. साफसफाई सगळ्यांच्या खोल्यांत करायची, म्हणून तो अ‍ॅडमिनच्या सत्तेने चालतो. त्याला जे लिहून द्याल ते तो करतो, विचारत नाही. आणि ही लिहिलेली फाइल मी ठेवली होती कुठे, तर सगळ्यांच्या सामायिक फोल्डरात, जिथे कुणीही काहीही लिहू शकतं. कारण जुन्या साहेबांना सुप्रभातच्या खाली स्वतःच्या हाताने रोज एक सुविचार टाकायची हौस होती आणि त्यासाठी दर वेळी मला बोलवायचं त्यांच्या जिवावर यायचं. साहेब निवृत्त झाले, सुविचार थांबले, फाइल तिथेच राहिली. म्हणजे बाहेरच्या चोराला मी सतरा वर्षं पासवर्ड विचारत होतो, आणि आतल्या कुणालाही त्या कागदावर एक ओळ लिहून माझ्याइतकं मोठं होता येत होतं. पायाखालची वाळू सरकते म्हणतात ती मी त्या दिवशी फरशीवर अनुभवली. शाळेत असताना घरी चावी ठेवायची जागा आई मोठ्या गुप्तपणे सांगायची, कुंडीखाली, आणि गल्लीतल्या प्रत्येकाला ती माहीत असायची. ती कुंडी मला दिसायला लागली, हिरवी, कडेला टवका गेलेली.

मग मी नोंदी काढल्या. कुणी कधी काय केलं याची यंत्र स्वतः नोंद ठेवतं. ती वाचायची असते एवढंच. अकरा वर्षांत दोन हजारांवर वेळा अ‍ॅडमिनच्या नावाने एकच काम झालं होतं: प्रिंटरची अडलेली रांग मोकळी केली. दर वेळी तासाच्या ठोक्याला. माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं त्या दिवशीही. पोट शिवून मी बेशुद्ध पडलो होतो आणि त्याच वेळी माझ्या नावाने प्रिंटर दोनदा सुरू झाला होता. प्रत्येक वेळी ठोक्याआधी झाडलोटच्या फाइलीत एक ओळ वाढलेली आणि नंतर नीट पुसलेली. एकाच टेबलावरून. नोंदणीच्या. सोमवारची ती ओळही तिथूनच, फक्त माझ्या पडद्यापुरती. धातू निवत वगैरे काही नव्हता. मला पहिल्यांदा राग आला तो याचाच, की माझा विचार चुकीचा ठरला. बाकीचा राग मागाहून आला.

संध्याकाळी सासऱ्यांना सगळं सांगितलं. का ते माहीत नाही. खुर्चीत ते होते, आणि खुर्चीकडे बघून बोलायची मला सवय आहे. सासरे जन्मभर एका सिनेमागृहात दारावर तिकिटं फाडत होते. ते म्हणाले, “बाहेरून फुकट घुसणारे फार नसतात रे. मी उभा असायचो ना. खरा ताप आतल्यांचा. खालचं तिकीट काढायचं, दिवे गेले की हळूच वरच्या खुर्चीत.”

“मग तुम्ही काय करायचात?”

“बॅटरी मारायची तोंडावर आणि उठवायचं. नियम म्हणजे नियम.” मग त्यांनी टीव्हीचा आवाज थोडा कमी केला, जे ते सहसा करत नाहीत. “पण एक बाई रोज उठवायचो तरी रोज वर जायची. एकदा तिच्या खुर्चीत बसून बघितलं. समोर खांब. अर्धा पडदाच दिसत नव्हता. बारा वर्षं त्या नंबरचं तिकीट विकत होतो आम्ही.”

“मग?”

“मग काय, खांब कसा काढणार. मालकाला सांगून तिचा नंबर बदलून दिला. पुन्हा कधी वर गेली नाही.” त्यांनी आवाज वाढवला.

गुरुवारी सकाळी बाई एकट्या असताना मी त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिलो. काटेवाले अजून यायचे होते. मी बरंच काही ठरवून गेलो होतो, पण तोंडातून आलं ते इतकंच: “तुम्ही कुठे शिकलात हे?”

“तुमच्याकडेच,” त्या म्हणाल्या. “जुन्या साहेबांना दाखवत होतात तेव्हा मी मागे शाई बदलत होते. तुम्ही म्हणालात, साहेब, हवं ते लिहा, फक्त खालच्या ओळींना हात लावू नका, त्या लिहिल्या तशा मशीन करतं.”

“म्हणून तुम्ही खालच्या ओळींना हात लावलात.”

“लगेच नाही लावला. आधी मशीनमधलं मदतीचं पान वाचलं. मग वाट बघितली महिनाभर.”

“बाई, तुम्हाला काय करता आलं असतं ठाऊक आहे? साहेबांची पत्रं वाचता आली असती. माझं नाव काढून टाकता आलं असतं. सगळ्या कार्यालयाच्या मालकीण होतात तुम्ही.”

“मला कुठे वेळ होता,” त्या म्हणाल्या. “दिवसभर नोंदणी असते.”

मी म्हटलं, “शुक्रवारच्या आत लावून घ्या म्हणजे काय? मी दोन दिवस जेवलो नाही धड.”

त्यांनी शिक्का खाली ठेवला. “शनिवारपासून मी नाही. मी होते तोवर त्या दारातून कोण येतं-जातं ते मला ठाऊक होतं. मी सोडून कुणी नाही. उद्या माझ्या जागी कोण येईल, त्याला काय सुचेल, मला काय माहीत? आणि तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही रागावला असतात.”

“मला विचारायचं होतंत आधी. प्रिंटरच्या रांगेपुरती परवानगी वेगळी देता येते. एक खूण करायची असते फक्त.”

“अर्ज दिला होता,” त्या म्हणाल्या. आवाजात काहीच नव्हतं, तक्रारही नव्हती.

अर्ज लोखंडी कपाटात, त्यांच्यासाठी आणलेल्या घड्याळाच्या खाली, तिसऱ्या फाइलीत होता. अकरा वर्षांपूर्वीचा, स्वच्छ हस्ताक्षरात. ‘प्रिंटर अडल्यास काटेधारकांचा खोळंबा होतो. तरी रांग मोकळी करण्यापुरती परवानगी मिळावी.’ आणि खाली लाल शाईत माझा शेरा, माझी तेव्हाची झोकदार सही: ‘गरज काय?’ मी तो शेरा का मारला ते आठवायचा फार प्रयत्न केला. काही विशेष कारण नव्हतं. नवीन लाल पेन मिळालं होतं, एवढंच आठवलं. म्हणजे तक्रार वही कोरी राहिली ती माझ्या हुशारीने नाही, या बाईंच्या चोरट्या हाताने, आणि तो हात चोरटा केला मी. मला लाज वाटली. कपाटाच्या आत तोंड घालून लाजायला बरं असतं, कुणाला दिसत नाही.

शुक्रवारी सकाळी लवकर जाऊन मी दार लावलं. झाडलोटची फाइल उचलून माझ्या एकट्याच्या फोल्डरात नेली, दुसऱ्या कुणाला तिथे लिहिता येणार नाही असं केलं. चार मिनिटं लागली. आता गप्प बसलो असतो तर कुणाला ताकास तूर लागली नसती. कोरी वही होती, लावलेलं दार होतं, बाई उद्यापासून घरी. आणि बोलायचं तर बाईंनी परवानगीशिवाय सत्ता वापरली हेही बोलावं लागणार, आणि त्यांचं कार्यमुक्तीचं पत्र त्यावरून अडलं तर? मी बाईंना जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, “खरं तेच सांगा. दोन हजार वेळा केलंय, त्यातलं एकही मला लपवायचं नाही.” तपासनीस आले, बारीक, सर्दी झालेले, खिशात तीन रुमाल. त्यांनी वही चाळली, पुढून मागे, मागून पुढे.

“एकही तक्रार नाही?”

आरशासमोर या ठिकाणी मी गप्प राहायचो. आता मात्र तोंड सुरू झालं ते थांबेना. दार, झाडलोट, सुविचार, अपेंडिक्स, सगळं सांगितलं आणि अर्ज पुढे सरकवला. त्यांनी तो वाचला, नाक पुसलं आणि मोठ्याने म्हणाले, “गरज काय?”

मला वाटलं मला विचारतायत. मग कळलं, शेरा वाचतायत.

“म्हणजे गरज होती,” ते म्हणाले.

“होती.”

त्यांनी अर्जाची प्रत मागितली आणि अहवाल लिहायला साहेबांच्या खोलीत गेले.

तेवढ्यात मला निरोपाची सूचना आठवली. चार वाजून गेले होते. घाईघाईने ती केली, बाईंचा मान राहावा म्हणून वर गुलाबांचा एक भलामोठा गुच्छ टाकला, आणि प्रिंटरला पाठवली. प्रिंटरने दोनदा आवंढा गिळला आणि तो बसला. मागे रांगेत बाईंचं कार्यमुक्तीचं पत्र होतं, त्यामागे तपासनिसांचा अहवाल. “पाचला सुटेल,” कुणीतरी म्हणालं, आणि सगळे निवांत घड्याळ बघत बसले. साहेब, वजनांचा माणूस, गावाला जायची गाडी गाठायची असलेले तपासनीस, आणि हातात पिशवी घेऊन बाई. पाचचा ठोका पडला. प्रिंटर हलला नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा. सगळ्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग प्रिंटरकडे, मग माझ्याकडे. त्या क्षणी मला कळलं की यापुढे रोज माझ्याकडे असंच बघितलं जाणार आहे. मी उठणार होतो, उठायलाच हवं होतं. पण बाई आधी उठल्या. त्यांनी पिशवी ठेवली, छापील अर्ज घेतला, उभ्या उभ्याच भरला आणि माझ्या टेबलावर आणून दिला. परवानगी कशासाठी: प्रिंटरची रांग मोकळी करण्यासाठी. कधीपर्यंत: आज साडेपाच. गरज या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: मला घरी जायचं आहे.

मी सही केली. काळ्या शाईत. त्यांच्या नावापुढे खूण केली, तीही एका क्षणात झाली, अकरा वर्षं लागावीत असं तिच्यात काही नव्हतं. बाई स्वतःच्या नावाने, सगळ्यांसमोर, आपल्या खुर्चीत बसल्या आणि रांग उघडली.

“हे पहिलं अडलंय. फुलांचं,” त्या म्हणाल्या. “काढू?”

“काढा,” मी म्हटलं.

त्यांनी आपल्याच निरोपाची सूचना रांगेतून काढून टाकली. घरघर झाली. त्यांचं पत्र आलं, त्यामागे अहवाल आला. अहवाल त्यांनी न वाचता पालथा करून तपासनिसांना दिला. तपासनिसांनी तो सुलटा करून मला दिला. शेवटी लिहिलं होतं की तक्रारींची संख्या शून्य असणे ही गंभीर बाब असून, विभाग सध्या आहे तसाच ठेवून, लोकांना तक्रार करता येईल अशी व्यवस्था करण्यास संबंधितांना सहा महिन्यांची मुदत द्यावी. मी संबंधित. मला उगाचच हसू यायला लागलं.

घड्याळ देऊन झालं, चहा झाला. साडेपाचला मी बाईंच्या नावापुढची खूण काढली. त्या दारापर्यंत गेल्या होत्या, तिथून परत आल्या.

“लागलं का नीट दार?”

“लागलं.”

“बघू,” म्हणाल्या, आणि घड्याळाचा खोका काखेत धरूनच एका हाताने त्यांनी प्रयत्न करून पाहिला. आधी जुन्या वाटेने, मग नव्या. दोन्हीकडून पडद्यावर आलं की आपल्याला परवानगी नाही. त्यांनी मान हलवली, “छान झालं,” म्हणाल्या आणि गेल्या.

सगळे गेल्यावर मी तक्रार वही काढली. फाडलेल्या दोन पानांनंतरचं पान घेतलं, तारीख घातली, अनुक्रमांक एक. तक्रारीच्या रकान्यात लिहिलं: नोंदणीबाई उद्यापासून येणार नाहीत. पुढचा रकाना होता, केलेली उपाययोजना. तिथे बराच वेळ पेन टेकवून बसलो, आणि मग तो तसाच सोडून वही मिटली.